मन जड झालं की खिडकीशी जा: बदाम, कावळा आणि आईचं गाऱ्हाणं

मन जड झालेल्या माणसाला सगळे दोनच गोष्टी सांगतात. जरा बाहेर फिरून ये, आणि हसत राहा. सल्ला चांगलाच आहे. पण ज्याच्या अंगात उठून चपला घालायचं बळ नाही त्याने फिरायला कसं जायचं, आणि ज्याच्या पोटात सतत गोळा आहे त्याने कशावर हसायचं, हे कोणी सांगत नाही. आमच्या घरात ते जसं जमलं तसं सांगते. यातलं बरंचसं स्वयंपाकघराच्या खिडकीत, हातात चहाचा कप घेऊन करता येतं.

मी डोंबिवली पूर्वेला राहते. दुसरा मजला, खिडकीला लागूनच देशी बदामाचं झाड. नोकरी मुंबईत, फोर्टात, त्यामुळे दिवसाचा मोठा तुकडा लोकलमध्ये जातो. बाबा गेले आणि आई मालवण तालुक्यातलं घर बंद करून माझ्याकडे राहायला आली. दोघींचंही मन जड होतं, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. आई सकाळी उठून केस विंचरायची, पातळ नीट नेसायची आणि सोफ्याच्या टोकाला बसून राहायची. टीव्ही लावला तरी तिकडे बघायची, बंद केला तरी तिकडेच. माझी कामं सगळी चालू होती, डबा, गाडी, ऑफिस, बँकेचे कागद, वारसाचे दाखले. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तीच ती वाक्यं डोक्यात सुरू व्हायची. आधी न्यायला हवं होतं का, दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला हवं होतं का.

या फिरणाऱ्या वाक्यांशी वाद घालून ती थांबत नाहीत. आत बघत राहिलं की ती वाढतात. नजरेला बाहेर काहीतरी काम द्यावं लागतं, आणि ते काम हलकं आणि जिवंत असावं लागतं. झाडं आणि पाखरं त्यासाठी सर्वांत सोयीची. त्यांना तुमचं दुःख ठाऊक नसतं, ती सांत्वन करायला येत नाहीत, तुम्ही कसे आहात हे विचारत नाहीत. आणि नीट बघत राहिलं की ती हसवतात. हसू शोधायला लागत नाही, बघता बघता येतं. मला सांगायचंय ते एवढंच. आता करायचं कसं ते बघू.

एकच झाड धरा

सुरुवातीला जंगल, डोंगर, अभयारण्य काही नको. घरातून दिसणारं एक झाड निवडा. ते सुंदर असायची गरज नाही. पिवळा गुलमोहर चालेल, समोरच्या सोसायटीतला नारळ चालेल, गटाराकाठचा एरंडही चालेल. रोज एकाच वेळी त्याच्यापाशी दहा मिनिटं द्यायची. फोन दुसऱ्या खोलीत. उभं राहवत नसेल तर खुर्ची ओढून बसायचं.

नुसतं ‘बघा’ म्हटलं तर मन लगेच घसरतं, म्हणून मी तीन प्रश्न ठरवून घेतले. आज कोण आलंय? कालपासून काय बदललंय? आणि कोण कोणावर वैतागलंय?

पहिल्या दोन प्रश्नांनी नजर बसते. आमच्या बदामाचंच बघा. थंडी सरत आली की त्याची मोठमोठी पानं लाल होतात, आधी शिरांच्या मधला भाग, मग कडा. एकेक पान खाली गाडीच्या टपावर पडतं तेव्हा पापड मोडल्यासारखा आवाज होतो. झाड ओकंबोकं झालं की फांद्यांच्या टोकांना बोटभर कळ्या उभ्या राहतात आणि त्यांतून पोपटी पानं उलगडतात, सगळी वरच्या दिशेने. फळं धरली की रात्री वटवाघळं येतात आणि सकाळी अर्धवट चावलेले बदाम खालच्या मजल्यावरच्या काकांच्या स्कूटरवर सापडतात. हे सगळं माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर चालू असतं.

तिसरा प्रश्न हसण्यासाठी. झाडावर कोणी ना कोणी कोणावर तरी वैतागलेलं असतंच. साळुंक्या जोडीने येतात आणि एकमेकींशी बोलत असल्यासारख्या माना हलवतात. एक बुलबुल फळावर बसला की दुसऱ्याला नेमकं तेच फळ हवं असतं. खारूताई शेपटी झटकत मांजरावर ओरडते, तीही मांजर पोचू शकणार नाही अशा फांदीवरून. ‘कोण वैतागलंय’ हे शोधायला लागलं की आपल्या कपाळावरच्या आठ्या आपोआप सैल होतात.

याला अभ्यासाचाही आधार आहे. रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयातल्या 1972 ते 1981 या काळातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधं कमी लागली. हा अभ्यास 1984 साली प्रसिद्ध झाला. मला त्यातली खिडकीच फार महत्त्वाची वाटते. ते लोक बागेत फिरत नव्हते, पलंगावर पडून होते.

कावळ्याने हँगर नेला

बाबांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला वेळ लागला होता, आणि ते आईच्या मनात राहून गेलं होतं. डोंबिवलीला आल्यावर बदामावर कावळा दिसला की ती पोळीचा तुकडा खिडकीत ठेवायची आणि काही न बोलता आत जायची. मी तिला त्याबद्दल विचारलं नाही. अशा वेळी विचारू नये असं मला वाटतं, माणूस ज्या गोष्टीला धरून उभा आहे ती हलवू नये.

मग उन्हाळा लागला आणि कावळ्याच्या जोडीने बदामाच्या दुबेळक्यात घरटं बांधायला घेतलं. आपल्या लहानपणच्या गोष्टीत कावळ्याचं घर शेणाचं असतं आणि पावसात वाहून जातं. शहरातल्या कावळ्याचं घर तारेचं असतं. केबलचे तुकडे, बाइंडिंगची तार, कोणाच्या तरी चष्म्याची दांडी, असं काय काय चोचीत धरून तो आणतो. आमच्या वाळत घालायच्या दोरीवर तारेचे हँगर होते. एका सकाळी कावळा त्यातल्या एकावर येऊन बसला. आधी आकडा चोचीने दोनदा उचलून बघितला. मग दोरीवरून बाजूला सरकत हँगरला टोकापर्यंत नेलं, मान तिरकी केली आणि आकडा वर उचलून हँगर घेऊन उडाला. हँगर त्याच्यापेक्षा रुंद होता. फांदीत तो अडकला, कावळा खाली वर लटकला, पंख फडफडवले, पण सोडला नाही.

आई शेजारीच उभी होती. तिने ते सगळं बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी आपणहून बोलली. “ह्यो काय तुझो बापूस न्हय गो. तेंनी उभ्या जन्मात हँगराक हात लावूक नाय.”

आम्ही दोघी खिडकीचे गज धरून हसलो. हसता हसता आईच्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते थांबेना. मग रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. नंतर तिने तोंड धुतलं, आणि त्या दिवशी दुपारी जेवताना स्वतःहून आणखी भात मागितला.

हसण्यातून रडू फुटलं तर घाबरू नका. दोन्ही एकाच बंद दारामागे असतात, एक सुटलं की दुसरंही सुटतं. त्या माणसाला “अगं, आत्ता तर हसत होतीस” असं म्हणायचं नाही. पाणी द्यायचं आणि तिथेच थांबायचं.

गाऱ्हाणं कसं घालायचं

आमच्या सिंधुदुर्गात देवाला गाऱ्हाणं घालायची रीत आहे. देवळात एक जण देवाला उद्देशून सगळ्यांच्या वतीने बोलतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले लोक “व्हय म्हाराजा!” म्हणतात. हँगरच्या दुसऱ्या दिवशी आईने खिडकीत उभं राहून कावळ्याचं गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा! ह्या बदामावरच्या कावळ्यान आमचो हँगर न्हेल्यान हा म्हाराजा! तेचा घर पुरा होवंदे, तेच्या पोरांक बरा ठेव. पण आमचे उरलेले हँगर तेच्या नजरेक पडूक नको रे म्हाराजा!”

मी आणि माझा मुलगा ओरडलो, “व्हय म्हाराजा!”

तेव्हापासून आमच्याकडे हा रोजचा कार्यक्रम झाला. तुम्ही मालवणी नसलात तरी करता येईल. तुमच्याकडे ओवी असेल, आरतीची चाल असेल, भारूड असेल, गावाकडच्या सरपंचाचं भाषण असेल. जो ढंग घरात सगळ्यांच्या तोंडी आहे तो घ्या आणि बघितलेली गोष्ट त्यात सांगा. दोनच पथ्यं पाळायची. गोष्ट खरोखर बघितलेली हवी. मनाने रचलेला विनोद लवकर शिळा होतो, पण बघितलेली गोष्ट रोज नवी असते. आणि गाऱ्हाण्यात शेवटी ज्याची तक्रार आहे त्याचंही भलं मागायचं. आईने कावळ्याच्या पोरांसाठी मागितलं तसं. या पथ्यामुळे हसण्यात कडवटपणा शिरत नाही.

पाखरांपासून सुरू झालं की माणूस हळूच आपल्या दुखण्याकडे वळतो. पुढे आई स्वतःच्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं घालायला लागली. मग लिफ्टचं. मग एकदा बाबांचं, की वर गेलात ते गेलात, कपाटाची चावी कुठे ठेवलीत ते तरी सांगून जायचंत. सरळ बोलता न येणारी गोष्ट तिने त्या चालीत बोलून टाकली, आणि आम्ही “व्हय म्हाराजा” म्हटलं. चावी नंतर पिठाच्या डब्यामागे सापडली.

त्या उन्हाळ्यात आम्हाला एक पूर्ण मालिकाच बघायला मिळाली, कारण कोकिळेने त्याच घरट्यात अंडं घातलं. नर कोकीळ काळा, लाल डोळ्यांचा. तो समोर येऊन ओरडत कावळ्यांना अंगावर ओढतो, आणि तेवढ्यात ठिपक्याठिपक्यांची मादी आपलं काम उरकते. पुढे कावळी त्या पिल्लाला भरवताना दिसली तेव्हा माझा मुलगा म्हणाला, “आजी, तिला कळत कसं नाही?” आई म्हणाली, “पोर ता पोर. आपला काय नि परक्याचा काय.”

झोप येत नसेल तर कान वापरा

जड मनाला पहाट सर्वांत वाईट. चारला डोळा उघडतो आणि मग वाक्यं सुरू होतात. अशा वेळी दिवा लावू नका, फोन उचलू नका. पडल्या पडल्या आवाज मोजा. पंख्याचा एक, फ्रीजचा दुसरा, लांबची मालगाडी तिसरी. मग पाखरांची वाट बघा. मार्च ते जून या दिवसांत उजाडायच्या बऱ्याच आधी दयाळ शीळ घालतो, काळा-पांढरा, शेपटी उभारलेला, दरवेळी चाल बदलून गाणारा. कोकीळही त्याच सुमारास सुरू होतो. कावळे त्यानंतर. कोण आधी जागं झालं ते ठरवायचं आणि सकाळी घरात जाहीर करायचं. आईची पैज दयाळावर असते, माझी कोकिळावर.

दिवसा तांबट ऐका. ‘टुक टुक टुक’ असा एकाच लयीत, भर उन्हात, भांडी ठोकावीत तसा आवाज. तो कुठून येतोय ते शोधायचा खेळ दुःखी माणसासाठी फार चांगला, कारण सापडायला वेळ लागतो. चिमणीएवढाच पक्षी, हिरवा, कपाळ लाल, पानांत मिसळून जातो. त्यातून तो ओरडताना मान इकडे तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून आल्यासारखा वाटतो, कधी उजवीकडून. बहुतेक वेळा तो निष्पर्ण फांदीच्या शेंड्यावर सापडतो. दिसला की चोचीकडे बघा. ती बंदच असते, नुसता गळा फुगतो. आईने हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती दिवसभर तोंड मिटून ‘टुक टुक’ करून सगळ्यांना दाखवत होती.

लोकलमध्ये

वेळ नाही, हे मला मान्य आहे. मला दिवसभरात झाड बघायला मिळतं ते मुख्यतः गाडीच्या गजांतून. म्हणून माझा नेम असा आहे की दिवा स्टेशन सुटल्यापासून कळव्यापर्यंत फोन पर्समध्ये. एवढ्याच टप्प्यात एका बाजूला पारसिकचा डोंगर असतो आणि दुसऱ्या बाजूला खाडी. पावसाळ्यात मुंब्र्याजवळ डोंगरावरून पांढरे धबधबे उतरतात. खाडीच्या बाजूला तिवरांची हिरवी रांग, चिखलात बगळे, तारेवर खंड्या. ओहोटी असली की चिखल चमकतो, भरती असली की तिवरांच्या कमरेपर्यंत पाणी. रोज त्याच वेळी बघितलं तरी पाणी वेगळ्या जागी असतं, एवढं जरी लक्षात आलं तरी डोकं थोडं मोकळं होतं.

गर्दीत खिडकी मिळत नाही. मग जिला मिळाली आहे तिला विचारायचं, “काय दिसतंय गं?” आमच्या लेडीज डब्यात मी हे विचारायला लागले तेव्हा पहिल्यांदा बायकांनी बघितलं माझ्याकडे. आता मटार सोलता सोलता खिडकीजवळची आवाज देते, “आज बगळे चार, त्यातला एक रुसून लांब बसलाय.” मग त्या रुसलेल्या बगळ्याचं घरचं काय बिनसलं असेल यावर ठाण्यापर्यंत चर्चा होते. त्यातली एक बाई घटस्फोटाच्या खटल्यातून जात होती. रुसलेल्या बगळ्याच्या वतीने सगळ्यांत जास्त तीच बोलायची, आणि आम्ही तिला बोलू द्यायचो.

दारात उभं राहून बघू नका, एवढं मात्र हात जोडून सांगते.

कॅलेंडरचा चौकोन

वही लिहा, रोजनिशी लिहा असं सांगितलं की जड मनाला तो आणखी एक बोजा होतो. आपल्या घरात भिंतीवर कालनिर्णय असतंच. दुधाचा खाडा, सिलिंडर लागल्याची तारीख आपण त्याच्या चौकोनात लिहितो, तिथेच रोजचं एक निरीक्षण लिहायचं. चौकोन लहान असतो, म्हणून चार-पाच शब्दांपेक्षा जास्त लिहिता येत नाही, आणि हीच त्याची सोय आहे. आमच्याकडचे काही चौकोन असे आहेत: ‘गॅस लावला. तांबट दिसला.’ ‘दूध नाही. बदामाला पहिलं लाल पान.’ ‘लाइट गेले. काजवा? (नाही, बाइकचा दिवा.)’

काहीच दिसलं नाही तर ‘काही नाही’ असं लिहा. तोही चौकोन भरलेला.

याच कॅलेंडरात पावसाळ्यात नक्षत्राचं वाहन छापलेलं असतं. मृगाचं वाहन कोल्हा, आर्द्रेचं मोर, असं दरवर्षी वेगळं. बेडूक किंवा म्हैस असेल तर भरपूर पाऊस असं जुने लोक मानतात. आई या वाहनावर रोज टिप्पणी करते. गाढव असलं आणि पाऊस तुंबळ पडला की गाढवाचं कौतुक, हत्ती असून कोरडं गेलं की हत्तीला बोल. पावसाचा अंदाज त्यातून किती कळतो ते सोडा, पण रोज आभाळाकडे बघायला एक निमित्त होतं, आणि सोफ्यावर बसलेलं माणूस त्यासाठी खिडकीपर्यंत चालत येतं.

कोणतं हसू टाळायचं

विनोद औषधासारखा वापरायचा असेल तर तो कुठे चालत नाही हेही कळायला हवं. समोरचा माणूस दुःख सांगत असताना विनोद करू नये, मग तो कितीही चांगला सुचलेला असो. आधी पूर्ण ऐकायचं. हसायची सुरुवात ज्याचं दुःख आहे त्याने करायची, आपण फक्त साथ द्यायची. बाबांवरचा विनोद आईने केला म्हणून तो हलका झाला. तो मी केला असता तर तिला टोचला असता.

दुसऱ्याच्या दिसण्यावर, बायकोवर, जातीवर, भाषेवर केलेल्या फॉरवर्डांनी क्षणभर हसू येतं आणि मन अधिकच मळकट होतं. ते मी उघडतच नाही. एकट्याने रात्री उशिरापर्यंत विनोदी व्हिडिओ बघत बसणंही मला या कामी फारसं उपयोगी वाटत नाही. झोप जाते, आणि कोणाशी बोलणंही होत नाही.

हास्यक्लबाबद्दल मात्र माझं मत चांगलं आहे. डॉ. मदन कटारिया यांनी 1995 साली मुंबईत अंधेरीच्या एका बागेत चार-पाच माणसांना घेऊन तो सुरू केला, आणि आता जगभर ते चालतात. हात वर करून मुद्दाम ‘हा हा’ करायचं म्हणून पुष्कळांना संकोच वाटतो. पण सकाळी बागेत जाणं, श्वास मोकळा होणं आणि रोजची तीच माणसं भेटणं, हे तिन्ही त्यात आपोआप होतं. आईला हसण्याचे प्रकार फारसे रुचले नाहीत. ती जाते ते नंतर कट्ट्यावर बसून होणाऱ्या गप्पांसाठी, आणि ते कारण पुरेसं आहे.

थोडं बळ आलं की

खिडकीत मन रमायला लागलं की पाय आपोआप दाराकडे वळतात. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवरून 2019 साली एक अभ्यास आला. आठवड्यात एकूण दोन तास किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. दोन तास एकदम घालवले की तुकड्या-तुकड्यांत, याने फरक पडला नाही. नोकरदार माणसाला हे फार सोयीचं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2015 साली आणखी एक गोष्ट दाखवली. दीड तास झाडाझुडपांत चालून आलेल्यांचं तेच तेच मनात घोळवणं कमी झालं, मोठ्या रहदारीच्या रस्त्याने चाललेल्यांचं झालं नाही. म्हणून चालायचंच तर मानपाडा रोडच्या कडेने चालू नका, दोन गल्ल्या वळसा पडला तरी झाडं असलेला रस्ता धरा.

आमच्याकडे भोपरची टेकडी आहे. तिथे सातभाई भेटतात. मळकट तपकिरी रंगाचे, पिवळट डोळ्यांचे, सहा-सात-आठच्या टोळीने फिरणारे पक्षी. जमिनीवर पाचोळा उचकत असतात आणि सगळे एकाच वेळी बोलत असतात. एक उडाला की दुसरा उडतो, मग तिसरा, आणि शेवटचा मागे राहिला की ओरडून ओरडून सगळ्यांना थांबायला लावतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही त्यांच्यात आपले काका-आत्या सापडतील. जूनमध्ये तिथेच पावशा ऐकला. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असं तो ओरडतो असं आपले शेतकरी मानतात. आईने इमारतींकडे हात केला. “पेरते व्हा म्हणता, पण हंय पेरूचा खंय?” परत येताना तिने वाटेवरच्या नर्सरीतून मातीची एक पिशवी घ्यायला लावली, आणि आता खिडकीत तिची अळूची कुंडी आहे.

डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या रेतीबंदरावर खाडी बघायला मिळते. थंडीत ठाणे खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, ते ऐरोलीच्या बाजूने बोटीतून बघता येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी रस्त्याने उग्र-गोड वास आला तर मान वर करा, सातवीण फुललेली असेल. त्या वासावरून घरात दोन तट पडतात. आमच्याकडेही पडलेत. वाद घाला, वास घ्यायला तरी सगळे बाहेर येतील.

पावसाळी झाडांखाली, म्हणजे ज्यांना विलायती शिरीष म्हणतात त्यांच्याखाली, दिवेलागणीला पाच मिनिटं उभे राहा. त्यांची पानं मिटत जातात आणि मघाशी गच्च दिसणाऱ्या झाडातून आभाळ दिसायला लागतं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना सांगा, झाड झोपायला निघालंय, हळू बोला. तीच मग मोठ्यांना गप्प करतात.

हे पुरत नाही तेव्हा

खिडकी, झाड, हसू यांनी साधं जडपण आणि शोक हलका होतो. आजार बरा होत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज बहुतेक वेळ मन उदास आहे, कशातच गोडी वाटत नाही, झोप-जेवण बिघडलंय, आपण सगळ्यांना ओझं आहोत असं वाटतंय, तर डॉक्टरांकडे जा. जगू नये असं मनात येत असेल तर दोन आठवड्यांची वाट बघू नका, आजच कोणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 2022 पासून आहे. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फुकट फोन करता येतो आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांकही आमच्या कॅलेंडरच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेला आहे, सिलिंडरवाल्याच्या नंबरशेजारी. औषधं सुरू झाली तरी खिडकी चालू ठेवायची. दोन्हींचं एकमेकांशी काही भांडण नाही.

आणि एकटे राहत असाल तर बघितलेलं कोणाला सांगायचं हा प्रश्न येतो. एक माणूस ठरवून घ्या. बहीण, जुनी मैत्रीण, गावातला चुलतभाऊ. रोज एक फोन, पाच मिनिटांचा, आणि त्यात तब्येतीची चौकशी सर्वांत शेवटी. आधी “आज तुझ्याकडे कोण आलं?” आई तिच्या मालवणच्या बहिणीला रोज संध्याकाळी असा फोन करते. तिकडून मावशी धनेश पक्ष्याची, माकडांनी पळवलेल्या फणसाची खबर देते, इकडून आई कावळ्याची. कावळ्याने हल्ली प्लास्टिकचे हँगर सोडून दिलेत, त्याला तारेचेच लागतात. त्यामुळे आम्ही दोरीवर एक जुना तारेचा हँगर मुद्दाम ठेवतो.